पाऊणरावांच्या पेट्या

आवाजाला घर लागतं. माणूस एक वेळ उघड्यावर राहील, झाडाखाली झोपेल, फलाटावर संसार मांडेल. पण आवाज उघड्यावर जगत नाही. स्पीकर नुसता टेबलावर ठेवून वाजवला, तर त्याच्या पुढून निघालेला आवाज आणि पाठीमागून निघालेला आवाज एकमेकांना गाठतात आणि एकमेकांना संपवतात. उरते ती चिरचिर. म्हणून पेटी. पेटी हे आवाजाचं घर, आणि ते घर ज्याला नीट बांधता आलं त्याने आयुष्यात काहीतरी केलं म्हणायचं. हे सत्य ज्यांना उमगलं, त्या गृहस्थांच्या स्वतःच्या घरात त्यानंतर काही वर्षं पाहुण्यांना बसायला जागा नव्हती. सोफ्यावर प्लायवूड होतं.

या गृहस्थांना घरात पाऊण म्हणत. नाव ठेवलं होतं थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, आणि ते इतकं चपखल बसलं की पुढे खऱ्या नावाची गरज फक्त रेशनकार्डाला आणि पगाराच्या चिठ्ठीला उरली. पाऊणरावांनी वकिलीचा अभ्यास केला होता. शेवटचा पेपर राहिला. फ्रेंच शिकले ते भूतकाळापर्यंत. काय झालं ते त्यांना सांगता येई, काय होणार ते नाही. स्वयंपाकघराच्या तीन भिंती त्यांनी स्वतः फिकट हिरव्या रंगवल्या होत्या. चौथीबद्दल कोणी विचारलं की ते म्हणत, "विरोधाभास हवा." पाणीपुरवठा खात्यात ते दुसऱ्यांनी काढलेले नकाशे तपासत, आणि तिथे त्यांचा दरारा होता, कारण दुसऱ्यांचं काय राहिलंय ते त्यांना एका नजरेत दिसे.

दादाचं सगळं उलट. तो जे करी ते पुरं करी. आणि जे पुरं करायचा कंटाळा येई ते विकत आणी. स्पीकर त्याने विकत आणले होते. बाहेरून मागवलेले, कमरेएवढे उंच, काळे कुळकुळीत. आईच्या वाढदिवसाला सगळे जमले असताना त्याने ते वाजवून दाखवले, आणि मधेच पाऊणराव पेटीच्या कडेवर बोटाने टकटक करताना दिसले.

"काय बघतोयस?"

"एमडीएफ आहे. पातळ वाटतंय. अशा पेट्या घरी करता येतात, दादा. याहून चांगल्या."

"येतात की," दादा म्हणाला. "तू केल्यास तर आवाज पाऊणच येईल, एवढंच."

सगळे हसले. आईसुद्धा हसली. सगळ्यांत मोठ्याने पाऊणराव हसले, आणि हसता हसताच त्यांनी ठरवलं की हे नाव आपण मरायच्या आत दादालाच परत घ्यायला लावायचं. पेट्या करायच्या. पुऱ्या करायच्या.

सुरुवात झकास झाली. महिन्याभरात स्पीकरचे आतले गोळे आले: खर्जासाठी दोन मोठे, वरच्या सुरांसाठी दोन छोटे, आणि त्यांच्यात आवाज वाटून देणाऱ्या दोन चिमुकल्या पट्ट्या. पाऊणरावांनी ते टेबलावर मांडले आणि बायकोला बोलावून दाखवले.

"वाजवा की," ती म्हणाली.

"अगं, पेटीशिवाय कसं वाजवणार? पेटीला अजून लाकूड ठरायचंय."

"मग तोवर?"

"तोवर थांबायचं."

बायको थांबणाऱ्यातली नव्हती. ती शाळेत शिवणकाम शिकवायची, आणि वस्तू आली की वापरायची, असा तिचा साधा धर्म होता. माळ्यावरून तिने दोन रिकामी खोकी काढली, एक प्रेशर कुकरचं आणि एक मिक्सरचं. डब्याचं झाकण ठेवून पेन्सिलीने गोल आखले, भाजीच्या सुरीने कापले, आत एकेक जुना स्वेटर कोंबला, गोळे बसवले आणि वरून पॅकिंगची पट्टी मारली. चहा उकळेपर्यंत गाणं लागलंसुद्धा.

पाऊणरावांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "पुठ्ठा बोलतोय."

"बोलू दे. गाणंही बोलतंय."

"हे तात्पुरतं आहे हं."

"हो हो, तात्पुरतं," बायको म्हणाली आणि आवाज वाढवून पोळपाट घ्यायला गेली.

मग लाकडाचा शोध सुरू झाला. शास्त्र असं की पेटीने स्वतः गाऊ नये. गाणं गोळ्याने गायचं. पेटीने मुकाट उभं राहायचं. म्हणून पेटीची भिंत बोटाच्या पेराने ठोकून बघायची. घुमली तर वाईट; 'टक' करून गप्प बसली तर उत्तम. हे कळल्यापासून पाऊणराव दिसेल त्या गोष्टीवर टकटक करू लागले. दवाखान्यात तपासणीच्या टेबलावर. सासरेबुवांच्या कपाटावर. एका माणसाचे वडील वारले म्हणून समाचाराला गेले असताना, हळहळ व्यक्त करता करता, त्याच्या दारावर आतून. ऑफिसात साहेबांच्या समोर बसून त्यांनी साहेबांच्याच टेबलावर टकटक केली, तेव्हा साहेब फायलीतून मान वर न काढता "आत या" म्हणाले.

पहिलं आलं एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी. ते चांगलं गप्प बसे, पण बायकोने फरशी पुसली तेव्हा कोपऱ्यात उभा केलेला तुकडा पाणी पिऊन पावासारखा फुगला. मग सागवान आलं, सुताराच्या आग्रहामुळे. सुताराचं सगळं आयुष्य दारं करण्यात गेलं होतं आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्याच्याकडे सागवान हा एकच उपाय होता. सागवान ठोकल्यावर ते इतकं गोड वाजलं की पाऊणरावांचा चेहरा पडला. "हे गातंय हो," ते म्हणाले. सुतार खूष झाला. आपल्या लाकडाची निंदा चालली आहे हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग काँक्रीट. काँक्रीट गात नाही, हे कोणीही मान्य करील. नमुन्याची लादी ओतायला साचा हवा होता, म्हणून बायकोचा केकचा मोठा ट्रे घेतला. लादी उत्तम झाली. फक्त ती ट्रेमधून निघाली नाही. अजूनही तो ट्रे गॅलरीच्या दाराला टेकू म्हणून लावलेला आहे, आणि लादीची एक बाजू, पाऊणरावांच्या मते, जगातल्या कुठल्याही स्पीकरला हेवा वाटावा इतकी मूक आहे. काँक्रीटनंतर दुहेरी भिंत आणि मधे वाळू. वाळू मूक असते, पण ती एका जागी राहत नाही. पहिले काही आठवडे ती गादीत सापडे.

"अहो, मला एक सांगा," बायकोने एकदा विचारलं. ती चादर झटकत होती. "तुम्हाला स्पीकर करायचाय की तिजोरी?"

"तत्त्व एकच आहे," पाऊणराव म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

या सगळ्या काळात कुकर आणि मिक्सर फळीवर बसून रोज वाजत होते. बायको त्यांच्यावर सकाळच्या बातम्या ऐके, दुपारी नाटकं ऐके, आणि संध्याकाळी पाऊणराव त्यांच्यासमोर बसून, लाकूड कुठलं घ्यावं यावर दोन परदेशी तज्ज्ञांचं भांडण ऐकत. पुठ्ठा त्यांना आता ऐकू येत नसे. पण हे त्यांनी स्वतःजवळही कबूल केलं नव्हतं.

अखेर लाकूड ठरलं. जहाजाला वापरतात ते प्लायवूड, दोन थर, मधे डांबरी चादर, आत आडव्या-तिडव्या आधाराच्या पट्ट्या. सुताराने मशीनवर फळ्या कापून दिल्या आणि आपल्या मनाने प्रत्येक पेटीच्या पुढच्या फळीला दोन-दोन बिजागऱ्याही लावून दिल्या.

"ह्या कशाला?"

"मग दार कशावर फिरणार साहेब?"

"दार नाहीये. ही बंद पेटी आहे. हवाबंद."

सुताराने फळ्यांकडे पाहिलं. "आत काय ठेवणार?"

"हवा."

"बरं," सुतार म्हणाला आणि आपल्या बिजागऱ्या काढून घेऊन गेला. पुढचे गोल कापायचे का, हेही त्याने जाता जाता विचारलं होतं, पण पाऊणराव म्हणाले, "ते माझं मी बघीन. तो नाजूक भाग आहे."

सहाही बाजू सरस लावून, शिकंजे आवळून, फटी भरून, घासून, पॉलिश करून पेट्या आखूड पायांवर उभ्या राहिल्या. पाऊणरावांनी बोट वाकवून ठोकलं. टक. बस्स. जणू डोंगराला ठोकलं. त्यांनी दुसरी बाजू ठोकली, माथा ठोकला, पाठ ठोकली. कुठेही घुमार नाही. 

"अगं, इकडे ये. ऐक."

बायकोने कान दिला. "काय ऐकू?"

"काहीच ऐकू येत नाहीये ना?"

"नाही."

"हेच! यासाठीच केला होता अट्टहास."

"हे आपल्याकडे आधी फुकट मिळायचं," बायको म्हणाली.

आता फक्त पुढच्या फळीला गोल भोकं पाडून गोळे बसवायचे होते. पाऊणरावांनी घाई केली नाही. उरलेल्या फळीच्या तुकड्यावर त्यांनी आधी एक भोक पाडून बघितलं आणि तुकडा ठोकला. ढब. त्यांनी पुन्हा ठोकला. ढब. भोक नसलेला तुकडा म्हणत होता 'टक', आणि भोक असलेला म्हणत होता 'ढब'. पाऊणराव त्या दिवशी जेवले नाहीत. इतकी वर्षं खपून जी भिंत मूक केली, तिला भोक पाडताक्षणी वाचा फुटणार होती. जगातला प्रत्येक स्पीकर या एका भोकामुळे अपुरा आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. आणि त्यांच्या पेट्या तेवढ्या, भोक पडेपर्यंत, परिपूर्ण होत्या.

भोकाचं काम पुढे ढकललं गेलं. आधी करवतीचं पातं बारीक हवं होतं म्हणून, मग हवेत ओल आहे म्हणून, मग हवा कोरडी आहे म्हणून.

अशात दादाचा फोन आला. "रविवारी येतोय आम्ही दोघं. तुझे ते स्पीकर झाले असतील तर ऐकव. झाले नसतील तर चहा पाज, माझी काही तक्रार नाही. काय पाऊण?"

ते शेवटचे दोन शब्द दादाने नेहमीच्याच मायेने उच्चारले होते. पण पाऊणरावांच्या तोंडून निघून गेलं, "झालेत."

"काय सांगतोस!"

"झालेत म्हणजे झालेत. ये तू."

शनिवारी सकाळी ते करवत घेऊन पेटीसमोर बसले. दुपारी बायको शाळेतून आली तेव्हाही ते तसेच बसले होते. करवत मांडीवर होती. डाव्या पेटीच्या एका कोपऱ्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली होती. ती बघून बायकोने नुसती भुवई उडवली.

"अहो, पाडताय ना?"

"आणि चुकलं तर? एकदा पाडलेलं भोक बुजवता येत नाही."

"आणि नाही पाडलं तर?"

पाऊणरावांनी करवतीचं पातं अंगठ्याने चाचपलं. त्यांचा चेहरा बघून बायकोला हसू आलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि 'पाऊण' ऐकल्यावर हा माणूस सगळ्यांत आधी हसतो आणि मग जेवताना गप्प असतो, हे तिच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. तिने शिवणाच्या कपाटातून काळं जाळीचं कापड काढलं.

"हे कशाला?"

"स्पीकरला पुढे कापड असतं ना? ताणून धरा."

"पण पेटीला भोक नाही, आत गोळा नाही..."

"कापडामागचं कोण बघतंय? कुकर-मिक्सर खिडकीत ठेवू, पेट्यांच्या बरोब्बर मागे. पुढे पडदा आहेच."

"ही शुद्ध फसवणूक आहे!"

"मग पाडा भोक."

पाऊणरावांनी पेट्यांकडे पाहिलं. मग कापडाचं टोक धरलं आणि चांगलं ताणलं, कारण ताणायचं तर नीट ताणावं असं त्यांचं मत होतं.

रविवारी दादा आणि वहिनी आले. दादा दारातूनच "काय पाऊण!" म्हणाला आणि पेट्या दिसताच थबकला. पेट्या खरोखर देखण्या झाल्या होत्या. दादाने जवळ जाऊन बोट वाकवलं, ठोकलं, आणि वळून भावाकडे बघितलं.

"दगड आहे रे हा!"

"दोन थर आहेत," पाऊणराव म्हणाले. "मधे डांबर." त्यांचा आवाज चिरकला.

दादाने आपली परीक्षेची सीडी आणली होती. कुठल्याही स्पीकरची लाज काढायची असली की तो ती वापरी. त्याने खुर्ची ओढून दोन पेट्यांच्या मधोमध आणली, गुडघ्यांवर हात ठेवले आणि डोळे मिटले. बायकोने बटण दाबलं. गाणं सुरू झालं. पाऊणराव उभ्याउभ्याच दादाच्या कपाळाकडे बघत राहिले. लहानपणी प्रगतिपुस्तक वडिलांच्या हातात असताना बघायचे तसे.

वहिनी खिडकीशेजारी बसल्या होत्या. वाऱ्याने पडदा हलला. वहिनींनी तो सावरायला हात घातला, आत बघितलं, आणि हात तसाच ठेवला. मग पडदा सावकाश नीट केला.

"कुकर किती लिटरचा गं तुझा?" त्यांनी जावेला हळूच विचारलं.

"पाच," बायको म्हणाली.

"वाटलंच. आवाज भरलेला आहे."

"शू!" दादा डोळे न उघडता म्हणाला. दुसरं गाणं संपलं, तिसरं संपलं. मग त्याने डोळे उघडले, आणि त्याच्या चेहऱ्यावर पाऊणरावांनी आजवर कधी न पाहिलेलं काहीतरी होतं.

"अरे, तू हे काय केलंयस तुला कळतंय का?"

पाऊणरावांनी खिडकीच्या पडद्याकडे पाहिलं.

"मी एवढी वर्षं स्पीकर ऐकतोय. कितीही महाग घे, आवाज पेटीतून येतोय हे कळतंच. इथे पेटी नाहीच! आवाज पेटीतून येतच नाही. मागून कुठूनतरी, भिंतीपलीकडून आल्यासारखा येतो. मोठमोठ्या कंपन्यांना हे जमत नाही रे!"

"नाही जमायचं," वहिनी म्हणाल्या.

"कापड काढ बघू जरा. आत काय बसवलंयस ते बघू दे."

 पाऊणरावांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं.

"कापड ताणून लावलंय," पाऊणराव म्हणाले. "ताण गेला की सगळं गेलं."

"हां, हां. बरोबर," दादा लगेच म्हणाला. ताणाचा आणि आवाजाचा काय संबंध हे त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे कोणाला कळू द्यायचं नव्हतं. त्याने उठून भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "ऐक. मी तुला फार चिडवलं. आजपासून ते नाव बंद. मी आईलाही फोन करून सांगणार आहे. तू पुरं काम केलंस. माझ्याहून पुरं."

 पाऊणराव कबूल करणार होते; तसं त्यांनी नंतर बायकोला शपथेवर सांगितलं. पण तोंड उघडलं तेव्हा त्यातून फक्त "चहा घे ना, दादा" एवढंच निघालं.

स्वयंपाकघरात वहिनी कप विसळता विसळता जावेच्या कानाला लागल्या. "आमच्या डाव्या स्पीकरची वायर झाडताना निघाली माझ्या हातून. मागच्या उन्हाळ्यात. परत लावलीच नाही मी."

"कळलं नाही भावजींना?"

"गेल्याच आठवड्यात पाहुण्यांना सांगत होते, डावी बाजू किती संयमी आहे म्हणून."

निघताना दादा चपला घालता घालता म्हणाला, "माझ्याही गोळ्यांना अशाच पेट्या करून दे. त्या विकतच्या पेट्या नकोत मला आता. घुमतात."

"लाकूड बघावं लागेल," पाऊणराव म्हणाले.

"घे वेळ. घाई नाही."

दुसऱ्या दिवशी पाऊणरावांनी खरोखर करवत काढली. नाव परत घेतलं गेलं होतं. आता फक्त दादाच्या शब्दाला जागायचं होतं. त्यांनी कापडाचा एक कोपरा उचकटला आणि कंपासने फळीवर गोल काढायला घेतला. आणि मग त्यांच्या मनात आलं की दादाने ज्या आवाजाला पुरा म्हटलं, तो भोक न पाडलेल्या पेटीचा आवाज होता. भोक पाडून आवाज बदलला, तर दादाचा शब्द खोटा पडेल. थोरल्या भावाचा शब्द खोटा पाडायला जीभ धजत नाही, तिथे हात कसा धजावा? त्यांनी कोपरा पुन्हा चिकटवला.

"पाडलं का?" बायकोने आतून विचारलं.

"आता तर पाडताच येणार नाही," पाऊणराव समाधानाने म्हणाले.

पुढच्या महिन्यात दादाने आपले महागडे स्पीकर खोलले आणि रिकाम्या पेट्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या. लाकूड अजून ठरायचं आहे. सध्या विचार बांबूचा चालला आहे. तोवर वहिनींनी दादाचे गोळे दोन खोक्यांत बसवले आहेत, एक इस्त्रीचं आणि एक पंख्याचं. दोन्ही वाजतात. पाऊणरावांच्या घरी उजव्या पेटीवर धुतलेले कपडे ठेवतात. डावीवर काही ठेवत नाहीत, कारण तिचा चौथा पाय बसवायचा राहिला आहे.